रहस्याचे देणे

माझी एक आत्या इंदूरला राहत असे. मुलींच्या शाळेत तिने पस्तीस वर्षे गणित शिकवले, आणि निवृत्तीनंतर संध्याकाळच्या वेळी काय करावे हा प्रश्न तिला पडला, तेव्हा घरच्या मंडळींनी तिला दूरचित्रवाणीवरील एका रहस्यमालिकेची गोडी लावली. एका जुन्या वाड्यात खून होतो, वाड्यातील प्रत्येक माणसाकडे खुनाचे काही ना काही कारण असते, आणि खुनी कोण हे कोणालाच ठाऊक नसते, अशी ती कथा होती. "महिन्याभरात कळेल बघ," असे आत्या मला पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाली. महिन्याचे वर्ष झाले आणि वर्षाची दोन झाली. संशयितांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली. मेलेली म्हणून ज्यांना अग्नी दिला होता ती माणसे परत आली. पण आत्या हटली नाही. गणिताच्या शिक्षिकेने करावे तेच तिने केले. चौकटीची एक वही घेतली आणि कोणता माणूस कोणत्या रात्री कोठे होता, याची तीत टिपणे ठेवावयास सुरुवात केली.

तिच्या अखेरच्या आजारात मी दिल्लीहून तिला भेटावयास गेलो होतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती हळूच म्हणाली, "अरे, तू दिल्लीत सरकारात आहेस. खुनी कोण, ते तुम्हां लोकांना आधी कळत नाही का रे?" मी हसलो, तीही हसली. मालिका संपण्यापूर्वी तीन महिने आत्या गेली. वही माझ्याकडे आली.

आज मी जो प्रश्न आपणांपुढे मांडणार आहे, तो त्या वहीतून निघालेला आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या रहस्यमालिकेला समाधान देणारा शेवट करता येतो काय? प्रश्न करमणुकीचा दिसतो, आणि करमणुकीचे प्रश्न गंभीरपणे घेऊ नयेत असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु माणसाने आपल्या आयुष्यातील शेकडो रात्री ज्या गोष्टीसाठी खर्ची घातल्या, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावयाची? शिवाय मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. दूरचित्रवाणीच्या आधी शंभर वर्षे हाच प्रश्न छापखान्याने उभा केला होता, आणि त्याच्याही आधी आठ शतके आपल्याच देशातील एका कथाकाराने त्याचे एक अतिशय चतुर उत्तर देऊन ठेवले होते.

त्या जुन्या उत्तरापासूनच आरंभ करू. अकराव्या शतकात काश्मीरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, आणि त्यात वेताळाच्या कथा आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणल्यापासून आपल्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या, आणि १९८५ साली दूरदर्शनवर विक्रम आणि वेताळ अवतरले तेव्हा माझ्या पिढीची लहान मुलेही त्यांच्यासमोर खिळून बसली. राजा स्मशानातील झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातील वेताळ कथा सांगतो, कथेच्या शेवटी प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, त्याचे मौन मोडते आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. ही मालिका अनंत काळ चालू शकेल अशीच आहे. पण सोमदेवाने ती थांबविण्याची सोय आधीच करून ठेविली आहे. शेवटच्या कथेचा प्रश्न असा अवघड, की राजाला उत्तर सुचतच नाही. तो मुकाट्याने चालत राहतो, आणि त्या मौनानेच वेताळ संतुष्ट होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेवटच्या कथेतील कोडे तसेच राहिले, तरी श्रोता असंतुष्ट राहत नाही. कारण त्याला खरी उत्कंठा दुसरीच होती. जो गोसावी राजाला वर्षानुवर्षे रोज एक फळ आणून देत होता आणि ज्याच्या प्रत्येक फळात एक रत्न दडलेले होते, त्याच्या मनात काय होते? हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारलेला आहे, आणि शेवटी वेताळ त्याचे उत्तर देतो: गोसाव्याला राजाचाच बळी द्यावयाचा होता. चोवीस कोड्यांची जी रात्र आपण राजाबरोबर चाललो, तिची मजुरी अशी पदरात पडते. सोमदेवाला ठाऊक होते की सर्व कोडी सोडविलीच पाहिजेत असे नाही. परंतु जो प्रश्न दारात विचारला, त्याचे उत्तर न देता श्रोत्याला घराबाहेर जाऊ देता येत नाही.

आता एकोणिसाव्या शतकातील युरोपात येऊ. वर्तमानपत्रे स्वस्त झाली, वाचणारे वाढले, आणि संपादकांना शोध लागला की आज अर्धवट सोडलेली गोष्ट उद्याचा अंक खपविते. १८४२ च्या जूनपासून १८४३ च्या ऑक्टोबरपर्यंत पॅरिसमधील 'जुर्नाल दे देबा' या पत्रात यूजीन स्यू याची 'पॅरिसची रहस्ये' ही कादंबरी क्रमशः येत होती. वाचक लेखकाला पत्रे लिहीत, आणि त्या पत्रांचा परिणाम पुढील प्रकरणांवर होई. लेखक लिहितो आणि वाचक वाचतो हे जुने नाते येथे बदलले. कथेची लांबी कथेच्या गरजेने ठरावयाची, ती आता खपाच्या गरजेने ठरू लागली. आजच्या मालिकेचे मूळ येथे आहे.

आणि त्याच सुमारास एका टीकाकाराने या प्रकारातील मर्म अचूक हेरले. तो अमेरिकेचा एडगर ॲलन पो. १८४१ साली डिकन्सची 'बार्नबी रज' साप्ताहिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत होती. तिचे थोडेच हप्ते निघाले असताना, त्या वर्षीच्या मे महिन्यात, पो याने एका पत्रात लेख लिहून खुनी कोण ते सांगून टाकले, आणि ते खरे ठरले. इतर काही तर्क चुकले ही गोष्ट निराळी. परंतु कादंबरी पूर्ण झाल्यावर १८४२ साली त्याने जे परीक्षण लिहिले, त्यातील विचार अधिक मोलाचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लेखक भयाच्या आणि गूढाच्या ज्या सूचना पेरीत जातो, त्यांच्यामुळे वाचकाची कल्पना इतकी चेतते, की मागाहून सांगितलेले कोणतेही उत्तर तिच्यापुढे फिके पडावे. असल्या सूचना खऱ्या अर्थाने यशस्वी व्हावयाच्या, तर उलगडा मुळी करूच नये.

हा आक्षेप साधा नाही. सावकाराच्या भाषेत सांगावयाचे तर लेखक रोज नवे कर्ज उचलीत असतो आणि व्याज वाढत असते. मग कितीही रक्कम आणली तरी ती अपुरीच पडणार. पो याने यावर एक उपायही सुचविला आहे. १८४६ च्या एका निबंधाच्या आरंभी तो विल्यम गॉडविनच्या १७९४ च्या 'केलेब विल्यम्स'चा उल्लेख करतो. ती कादंबरी गॉडविनने उलट्या क्रमाने बांधली होती. शेवटचा भाग आधी योजिला आणि त्याला कारण म्हणून पहिला भाग मागून रचला. शेवट डोळ्यांपुढे असल्याशिवाय लेखणी हाती धरू नये, हा पो याचा दंडक होता. घर बांधणारा माणूस जसा छपराचे वजन आधी ठरवून मग पाया खोदतो, तशीच ही रीत.

या रीतीने क्रमशः लिहिलेली कथा किती उत्तम संपू शकते, याचे उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात येत होती. ती लिहीत असतानाच कॉलिन्सची आई वारली, तो स्वतः संधिवाताने अंथरुणाला खिळला, आणि काही भाग त्याने पडल्यापडल्या तोंडी सांगून लिहविले. तरीही हप्ता चुकला नाही आणि धागाही तुटला नाही. कादंबरीतील हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने रक्त सांडून मिळविलेला आहे. तो पुढे इंग्लंडमधील एका घरातून नाहीसा होतो. चोर कोण, हा प्रश्न सोडवून कॉलिन्स थांबला असता तर ती एक चांगली रहस्यकथा झाली असती. पण तो तेथे थांबत नाही. शेवटच्या पानांत आपण काठेवाडात सोमनाथला जातो, आणि तो हिरा आपल्या मूळ स्थानी, देवाच्या मूर्तीवर, पुन्हा झळकताना पाहतो. चोरी एक नव्हती, दोन होत्या. इंग्रजी घरातील चोरीचा शोध लागतो, आणि तिच्यापूर्वीच्या मोठ्या चोरीचे देणेही फिटते. पुस्तक मिटताना वाचकाला जे समाधान वाटते, ते चोराचे नाव कळल्याचे कमी आणि जेथली वस्तू तेथे पोचल्याचे अधिक असते.

याच्या अगदी उलट उदाहरण दोनच वर्षांनी घडले. १८७० च्या एप्रिलमध्ये डिकन्सने 'एडविन ड्रूडचे रहस्य' या कादंबरीचा पहिला मासिक भाग प्रसिद्ध केला. एकूण बारा भाग ठरले होते. आपला मृत्यू झाल्यास काय करावे यासंबंधीचे कलम त्याने या वेळी प्रथमच प्रकाशकांशी झालेल्या करारात घातले होते. व्हिक्टोरिया राणीला रहस्य थोडे आधी सांगण्याची तयारीही त्याने दर्शविली होती. राणीने तो लाभ घेतला नाही. ९ जून १८७० रोजी डिकन्स मरण पावला. तयार असलेले सहा भाग सप्टेंबरपर्यंत प्रसिद्ध झाले, आणि उरलेले सहा त्याच्याबरोबर गेले.

या प्रकरणातील नवलाची गोष्ट पुढेच आहे. डिकन्सचा चरित्रकार आणि जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवले आहे की, पुतण्याचा खून चुलत्याने करावा अशी ती कथा असल्याचे डिकन्सने त्याला कळविले होते. म्हणजे उत्तर उपलब्ध होते, आणि तेही खात्रीच्या साक्षीदाराकडून. तरी वाचकांनी ते मान्य केले नाही. एडविन मेला की जिवंत आहे, यावर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये कथेतील संशयित जॉन जास्पर याच्यावर लुटुपुटीचा खटलाच भरविण्यात आला. न्यायाधीश होता चेस्टरटन आणि ज्यूरीचा प्रमुख होता बर्नार्ड शॉ. शॉने साक्षीपुराव्याची थट्टा करीत सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला, आणि चेस्टरटनने स्वतःखेरीज उपस्थित सर्वांना न्यायासनाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरवून खटला संपविला! पुढे १९८५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर या कथेचे जे संगीत नाटक आले, त्यात खुनी कोण हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरत असे.

हा इतिहास विनोदी वाटतो, पण त्यातून एक नियम निघतो. शेवट म्हणजे माहिती नव्हे. चुलत्याने मारले हे एका ओळीत सांगता येते, आणि ती ओळ दीडशे वर्षांपासून लोकांसमोर आहे. परंतु ज्या वाटेने आपण चालत आलो त्या वाटेनेच त्या उत्तरापाशी पोचावयाचे असते. कोणी मध्येच उचलून तेथे नेऊन ठेवले, तर माणसाला आपण पोचलो असे वाटत नाही.

आपल्याकडेही क्रमशः लेखनाची परंपरा मोठी आहे. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून हरि नारायण आपटे यांनी मराठी वाचकाला आठवड्याची वाट पाहावयास शिकविले, आणि त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. रहस्यकथेच्या क्षेत्रात मात्र बाबूराव अर्नाळकरांनी निराळी वाट धरली. झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे नायक पुस्तकामागून पुस्तकात येत, पण प्रत्येक पुस्तकातील प्रकरण त्या पुस्तकातच मिटे. हजारावर पुस्तके लिहूनही त्यांनी वाचकाची उधारी दुसऱ्या दिवसावर नेली नाही.

विसाव्या शतकात दूरचित्रवाणी आली, आणि प्रश्न अधिक बिकट झाला. डिकन्सचे मासिक भाग किती असावयाचे हे पहिला भाग निघण्यापूर्वी ठरत असे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या व्यवहारात मात्र मालिका लोकप्रिय असेल तर ती संपवावयाची नाही, आणि लोकप्रिय नसेल तर ती संपविण्यासाठीही वेळ द्यावयाचा नाही, असा दुहेरी दंडक झाला. म्हणजे शेवट एक तर फार उशिरा येणार, नाही तर येणारच नाही. लेखकाला आपण पहिल्या अंकात आहोत की तिसऱ्या, हे कळेनासे झाले.

या व्यवहाराला पहिला मोठा अपवाद १९६७ साली घडला. 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेतील डॉक्टर किंबल याच्यावर पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला असतो, आणि खरा गुन्हेगार जो एक हात नसलेला माणूस, त्याचा शोध करीत तो गावोगाव भटकतो. १९६३ पासून चार वर्षे ही भटकंती चालली. शेवट दाखविला तर जुने भाग पुन्हा कोण पाहील, अशी धंद्यातील भीती होती. तरीही निर्मात्यांनी दोन भागांचा शेवट केला, आणि २९ ऑगस्ट १९६७ च्या रात्री सुमारे पावणेआठ कोटी अमेरिकनांनी तो पाहिला. त्या वेळी चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी सुमारे बहात्तर टक्के संच त्या एका गोष्टीवर लागलेले होते. पुढे तेरा वर्षे हा उच्चांक टिकला. शेवटाची भूक किती मोठी असते, हे त्या रात्री प्रथम मोजले गेले.

'फ्युजिटिव्ह'चा शेवट साधला, याचे कारण तिचा प्रश्न लहान होता. एकशे वीस भाग झाले तरी मूळ प्रश्न एकच राहिला: हा निर्दोष माणूस सुटणार की नाही? मधल्या भागांत नवी माणसे आणि नवी गावे आली, पण नवे रहस्य आले नाही. कर्ज वाढले नाही, म्हणून ते फेडता आले.

१९९० साली 'ट्विन पीक्स' आली तेव्हा चित्र पालटले होते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या या मालिकेत एका लहानशा गावातील लॉरा पामर या तरुणीचा खून होतो, आणि अमेरिकाभर खुनी कोण याचीच चर्चा चालते. लिंचला ते रहस्य उलगडावयाचेच नव्हते. पो याचे मत जणू त्याने मनोमन स्वीकारले होते. परंतु वाहिनीने आग्रह धरला, आणि १० नोव्हेंबर १९९० च्या भागात खुनी प्रेक्षकांना कळला. त्यानंतर प्रेक्षक गळत गेले आणि १० जून १९९१ रोजी मालिका बंद पडली. सोन्याची अंडी देणारी कोंबडी आपण मारली, असे लिंच पुढे म्हणत असे. २०१७ साली तिचे अठरा नवे भाग निघाले, आणि तेही एका प्रश्नावर आणि एका किंकाळीवर संपले.

लिंचचे चुकले असे मी म्हणणार नाही. न उलगडणाऱ्या गूढाची कला निश्चितच आहे. परंतु मग दारात विचारलेला प्रश्न तरी तसा असावयास हवा होता. खुनी कोण, असे विचारून लोकांना आत बोलवावयाचे आणि आत आल्यावर, खुनी कोण ते विचारू नका असे सांगावयाचे, यात अतिथीची थोडी फसवणूक होते.

तिसरे उदाहरण 'लॉस्ट' या मालिकेचे. २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या या मालिकेत एक विमान अनोळखी बेटावर कोसळते. बेटावर धुराचा राक्षस आहे, जमिनीत गाडलेले पोलादी दार आहे, आणि सहा आकड्यांची एक ओळ पुनःपुन्हा भेटते. दर आठवड्यास नवे कोडे निघू लागले. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. २००७ च्या मे महिन्यात, मालिका लोकप्रिय असतानाच, ती २०१० साली संपेल असे जाहीर करण्यात आले. शेवटाची तारीख मिळावी असा आग्रह लेखकांनीच धरला होता. डिकन्सला जे आपोआप मिळत असे, ते त्यांना मागून घ्यावे लागले.

२३ मे २०१० रोजी 'लॉस्ट' संपली, आणि प्रेक्षकांचे दोन तट पडले ते आजही मिटलेले नाहीत. एका तटाला वाटले की ज्या माणसांबरोबर आपण सहा वर्षे काढली त्यांचा निरोप यथायोग्य झाला. दुसऱ्याला वाटले की माणसांचे ठीक, पण आमच्या कोड्यांचे काय? माझ्या मते दोघेही खरे बोलत होते. लेखकांनी माणसांचे देणे फेडले आणि कोड्यांचे बुडविले. तारीख तीन वर्षे आधी मिळाली खरी, पण तोवर कर्ज इतके झाले होते की सगळे फेडणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते.

मग लांब मालिकेतून समाधान मिळूच शकत नाही काय? जेथे मर्यादा आधी आखली गेली, तेथे मिळाले आहे. २००७ साली डेन्मार्कमध्ये एका खुनाची कथा वीस भागांत सांगितली गेली आणि विसाव्या भागात ती पुरी झाली. २०१७ ते २०२० या काळातील 'डार्क' ही जर्मन मालिका काळाच्या उलटसुलट प्रवासाने इतकी गुंतागुंतीची आहे की पाहणाऱ्याला वंशावळ जवळ घेऊन बसावे लागते. पण तिच्या कर्त्यांनी तीन खंडांची मर्यादा पाळली आणि सव्वीस भागांत गाठ सोडविली. आपल्याकडे १९९३ साली बासू चटर्जींनी दूरदर्शनवर आणलेला ब्योमकेश बक्षी अर्नाळकरांच्याच वाटेने गेला. शिवाजी साटमांच्या अधिकाऱ्याने गाजविलेली 'सीआयडी' १९९८ पासून २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली, ती प्रत्येक प्रकरण वेळच्या वेळी मिटविल्यामुळेच. उलट आपली 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये संपली, आणि पुढे २०१९ व २०२१ मध्ये तिचे आणखी दोन खंड आले. लोकप्रिय रहस्याला बाजार सुखासुखी निवृत्त होऊ देत नाही.

सरकारी कचेरीत वीसहून अधिक वर्षे काढल्यावर मला या विषयात एक ओळखीची गोष्ट दिसते. आमच्याकडे एखाद्या फाइलीवर शेरे पडत जातात. प्रत्येक शेरा तिला थोडी जाड करतो आणि पुढच्या टेबलाकडे ढकलतो. ढकलणाऱ्याला आपण काम केले असे वाटते. शेवटी कोणी तरी वरिष्ठ वैतागून ती निकाली काढतो. परंतु प्रकरण निकाली काढणे आणि प्रकरणाचा निकाल लावणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याचा अर्ज त्या फाइलीच्या तळाशी असतो त्याला हा फरक बरोबर समजतो. बहुतेक रहस्यमालिका निकाली काढल्या जातात. फार थोड्यांचा निकाल लागतो.

प्रवासातच आनंद आहे, शेवटाचे काय एवढे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मलाही पूर्वी ते पटे. आता पटत नाही. प्रवासाचा आनंद खरा, पण वाट पाहणारा माणूस केवळ आनंद घेत नसतो, तो विश्वास टाकीत असतो. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे, या एका गृहीतावर तो आपल्या रात्री देऊन टाकतो. म्हणून रहस्य सांगणाऱ्यावर तीन बंधने येतात असे मी मानतो. आपली मर्यादा त्याने आधी आखावी. फेडता येतील तेवढेच प्रश्न विचारावे. आणि शेवट असा करावा की उत्तराबरोबर माणसांचाही हिशेब पुरा व्हावा. सोमदेवाने हे तिन्ही केले, कॉलिन्सने केले, आणि मन घातले तर दूरचित्रवाणीलाही ते करता येते, हे वरील थोड्या उदाहरणांवरून दिसते.

आत्याची मालिका अखेर संपली. तिच्यातला शेवटचा आठवडा मी मुद्दाम पाहिला, वही शेजारी ठेवून. खुनाचे खापर अशा एका पात्रावर फुटले जे खून झाला त्या काळात कथेत आलेलेच नव्हते. मी वहीची पाने उलटली. तारखा, रात्री, जिने, खोल्या, कुलपे, सर्व काही तिने नीट मांडले होते. कोठेही खाडाखोड नव्हती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तिने एका नावाभोवती पेन्सिलीने चौकट केली होती, आणि खाली आपल्या शाळेतील सवयीप्रमाणे लिहिले होते: "उत्तर. पडताळा पाहणे."

मी पडताळा पाहिला. तिच्या उत्तराशी प्रत्येक नोंद जुळत होती. मालिकेच्या उत्तराशी एकही जुळत नव्हती.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यातील देणेकऱ्याचे नाव मी कधी लिहिले नाही. पण वर्षानुवर्षे लोकांना वाट पाहावयास लावणाऱ्या कोणीही, मग तो कथा सांगणारा असो की माझ्यासारखा फाइलीवर शेरा मारणारा, ती एकदा उघडून पाहावी असे मला मनापासून वाटते.